झुबिलात

तिकीट अजून पाकिटात आहे. फाडून टाकणार होतो, पण बायको म्हणाली, "राहू द्या हो. पुढे खरंच लागेल, तेव्हा निदान सवय झालेली असेल."

मुलगी बार्सिलोनात नोकरी करते. आम्ही तिच्याकडे गेलो होतो. एका शनिवारी तिने आम्हाला गाडीत घातलं आणि तारागोनाला नेलं. तास-सव्वा तासाचा प्रवास, डाव्या खिडकीतून समुद्र, आणि उतरलं की दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन शहर. एवढं वर्णन पुरे. मुद्दा तिकिटाच्या खिडकीचा आहे.

कुठल्या अवशेषाची खिडकी ते सांगत नाही. गावात अवशेषांना तोटा नाही, आणि आतल्या पोरीची नोकरी जावी अशी माझी इच्छाही नाही. निदान आता नाही.

पोरगी असेल वीस-बावीसची. मी तीन बोटं दाखवली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हातगाडीवरची केळी घ्यायची की नाही हे ठरवायला आपण जेवढा वेळ पाहतो तेवढाच. खर्रकन तीन तिकिटं बाहेर आली. दोन सारखी, तिसरं स्वस्त. त्या तिसऱ्यावर लिहिलं होतं, 'झुबिलात'.

मला वाटलं, जुबिली. गावाला कसली तरी पन्नास-पंचाहत्तर वर्षं झाली असणार आणि त्यानिमित्त दर तिसऱ्या गिऱ्हाइकाला सवलत. आपल्याकडे दिवाळीत साड्यांच्या दुकानात असते तशी. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, याला नशीब लागतं." बायकोने तिकीट मुलीपुढे धरलं. मुलीने वाचलं आणि दहावीला गणितात कमी पडले तेव्हा जसा चेहरा केला होता तसाच केला.

"बाबा, तू आधी पाणी पी."

"काय लिहिलंय?"

"रिटायर्ड."

मी ५४ वर्षांचा आहे. निवृत्तीला अजून ४ वर्षं आहेत, आणि गृहकर्जाचे हप्ते त्याच्याही पुढे जातात. केस पांढरे आहेत, मान्य. लॉकडाऊनमध्ये कलप लावणं सोडलं ते सोडलंच. तेव्हा सगळे म्हणाले, "किती रुबाबदार दिसताय!" तेच लोक आता लोकलमध्ये "काका, बसा" म्हणून उठतात. पण ते निदान ठाण्याचे आहेत, आपले आहेत. इथे सात हजार किलोमीटरवर येऊन, एक अक्षर न विचारता, सरकारी कागदावर छापून?

मी खिडकीशी परत गेलो. तिकिटाचे जास्त पैसे घ्या म्हणून भांडणारा मी जगातला पहिला मराठी माणूस असेन. पोरीने दोन्ही तळवे दाखवले, गोड हसली आणि म्हणाली, "नो प्रॉब्लेम." तिला प्रॉब्लेम नव्हताच.

इथे आजोबांचा प्रवेश झाला. माझ्यामागे उभे होते. हातात कापडी पिशवी, तिच्यातून कांद्याच्या पातीसारखं काहीतरी लांबलचक बाहेर आलेलं. त्यांना तिकीट काढायचंच नव्हतं हे नंतर कळलं. रांग सावलीत होती, म्हणून ते रांगेत होते. त्यांनी मुलीकडून तक्रार समजून घेतली, पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि तपासणीला सुरुवात केली.

आधी कान. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. "ते म्हणतायत, कान मरेपर्यंत वाढतात, कान खोटं बोलत नाहीत," मुलीने भाषांतर केलं. मग माझा हात हातात घेऊन वरची कातडी चिमटीत धरली, सोडली आणि ती खाली बसायला किती वेळ घेते ते पाहत राहिले. बैलबाजारात फक्त दात बघतात. मग निकाल लागला. "अडुसष्ट."

मी पाच बोटं दाखवली, मग चार. आजोबांनी मान हलवली. सहा बोटं, मग सहा. म्हणजे दोन वर्षं कमी केली. मी पुन्हा पाच आणि चार. मागच्या जोडप्याला वाटलं आम्ही भाव करतोय, आणि ते पुढे सरकून ऐकायला लागले. "त्रेसष्टला सोडतायत," मुलगी म्हणाली. "घेऊन टाक बाबा, याच्या खाली ते येणार नाहीत."

पासपोर्ट मुलीच्या घरी होता. माझ्याकडे होतं पॅन कार्ड. मी ते विजयी मुद्रेने काढलं. त्यावर जन्मतारीख आहे, आणि आकडे जगात सगळीकडे सारखेच. आजोबांनी कार्ड उन्हात धरलं, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी काहीतरी विचारलं. मुलगी भाषांतर करेना.

"सांग ना."

"विचारतायत, हा तुमचा मुलगा का?"

बायको पिशवीसकट खाली बसली.

मग आजोबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "एक्याऐंशी." आणि भर रांगेत, कशाचाही आधार न घेता, सरळ एक उठाबशी काढली. रांगेने टाळ्या वाजवल्या. त्यांनी टाळ्या स्वीकारल्या आणि मला हाताने खूण केली. आता तुम्ही. माझा उजवा गुडघा दीड वर्षापासून कुरकुरतो. मी उठाबशी काढली नाही. आजोबांनी खिडकीतल्या पोरीकडे पाहिलं, पोरीने मान डोलावली. खटला निकाली.

अपमान एवढ्यावर मिटला असता. पण ते तिकीट एकत्रित होतं. म्हणजे त्याच कागदावर रंगमंडळ (म्हणजे अँफिथिएटर), रथशर्यतीचं मैदान, तट, सगळं पाहायचं. प्रत्येक दारात एक माणूस, तो तिकीट घेणार, 'झुबिलात' वाचणार, माझ्याकडे पाहणार. पहिल्या दारात मी मान खाली घातली. दुसऱ्या दारापासून आशेने वर केली. कुणीतरी म्हणेल, "थांबा, तुम्ही निवृत्त? पुरावा दाखवा!" एकाने एकदा शंका घ्यावी, इतकीच माझी अपेक्षा होती. कुणीही घेतली नाही. बायको ५२ची, तिचं तिकीट पूर्ण दराचं. ती दिवसभर इतकी उजळून चालत होती की लग्नानंतर तिला इतकं खूश मी पाहिलेलं नाही.

रंगमंडळ समुद्राला अगदी खेटून आहे. ते आणि वाळू यांच्यामधून रेल्वे धावते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं बांधकाम. रोमन लोक प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडी छत ताणायचे. आज तिथे टीचभर सावली नाही, पायऱ्या मात्र रोमन मापाच्या. इथेच इ.स. २५९ मध्ये बिशप फ्रुक्तुओसुस आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना जिवंत जाळलं. पुढे त्याच रिंगणात चर्च उभं राहिलं, त्याचे पडके दगड मधोमध दिसतात. अशा जागी उभं राहून तिकिटाचं दुःख करणं शोभत नाही, हे मला कळत होतं. तरी करत होतो.

इथे वाचकाला वाटेल की आता मी 'अवशेषांमध्ये एक अवशेष' असा विनोद करणार. तो बायकोने पहिल्या दारातच केला होता.

तटाच्या कडेच्या बागेत रोमन सम्राट ऑगस्टसचा ब्राँझचा पुतळा आहे, इटलीने १९३४ मध्ये भेट दिलेला. ऑगस्टस इथे इ.स.पू. २६-२५ मध्ये राहून गेला, बराचसा आजारी होता. तेव्हा तो चाळिशीच्या आत होता. पण तो पंचाहत्तर वर्षं जगला, आणि पुतळ्यांमध्ये शेवटपर्यंत तिशीतलाच राहिला. एक सुरकुती नाही, कान बेताचे. सत्ता असली की कलप लागत नाही. ओरोसियस नावाचा जुना इतिहासकार लिहितो की याच गावात त्याला भेटायला भारतातून राजदूत आले होते. इतका लांबचा प्रवास करून दरबारात उभे राहिले असतील, तेव्हा दारावरच्या कुणीतरी त्यांच्याकडेही केळी बघावीत तसं पाहिलं असणार, अशी माझी खात्री आहे.

या गावाची खोड जुनी आहे. क्विंटिलियन या रोमन लेखकाने सांगितलेला किस्सा आहे. ऑगस्टसच्या नावाने इथे वेदी होती, तिच्यावर ताडाचं झाड उगवलं. गावकरी हरखून त्याला सांगायला गेले, महाराज, चमत्कार! तो म्हणाला, "यावरून कळतं तुम्ही तिथे किती वेळा अग्नी पेटवता." इतका टोमणा बसल्यावर दुसरं गाव गप्प बसलं असतं. यांनी पुढे ती वेदी आणि ते झाड छापून नाणी पाडली. मला नाणी पाडता येत नाहीत, म्हणून लेख पाडतोय.

कॅथेड्रलच्या ओवरीत एका खांबाच्या माथ्यावर उंदरांनी मांजराची अंत्ययात्रा काढलेली कोरली आहे. मांजर तिरडीवर, उंदीर खांदा देतायत. आणि पुढच्याच चित्रात मांजर उठून त्यांच्यावर झेपावलंय. मुलीला ते फार आवडलं. मलाही. तिरडीवरून उठायची सोय त्या मांजराला तरी होती.

सवलत कुणाला नको असते? मी भाजीत कोथिंबीर फुकट मागणारा माणूस आहे. पण विचारावं की. "आपलं वय काय?" हे तीन शब्द. मी खोटं बोलून साठ सांगितले असते तर ती माझी लबाडी झाली असती, आणि ती मला चालली असती. आता लबाडी नाही, पैसे वाचले ते ४-५ युरो मुलीने आइस्क्रीमला घातले, आणि माझ्या वाट्याला फक्त ते छापील अक्षर आलं.

संध्याकाळी आम्ही समुद्रावरच्या सज्जाशी गेलो. 'भूमध्य समुद्राचा सज्जा' असंच त्याचं नाव आहे. त्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला की नशीब फळफळतं, अशी गावाची समजूत. सगळं गाव फिरत फिरत येतं, लोखंडाला शिवतं आणि परत जातं. मी शिवत होतो तेवढ्यात बाकावरून हाक आली. आजोबा. शेजारी ती पातीची पिशवी. एकच जागा होती आणि ते तिच्यावर बसलेले होते.

मला पाहून ते उठले. आधार न घेता. हाताने बाक झटकला आणि म्हणाले, "सेगी, सेगी." बसा, बसा. भाषांतराची गरज नव्हती. बायको समुद्राकडे तोंड करून हसत होती, मुलगी मोबाइल काढत होती.

बसलो. गुडघा दुखतच होता.