‘मग तिथं राहतातच कशाला?’ : नेपाळमधल्या दरडींबद्दल थोडं सविस्तर

पावसाळ्यात नेपाळमधल्या दरडीची बातमी कुणी शेअर केली की खाली एक कमेंट हमखास असते, “डोंगर पडतो हे माहितीये तर मग तिथं राहतातच कशाला?” विचारणारे काही दुष्ट नसतात, पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये बसून कुणालाही तसंच वाटेल. पण मला आता ती कमेंट वाचून पुढं जाता येत नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणारे, सवडीने वाचा.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप बहुतेकांना आठवत असेल. ७.८ चा, केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ. शनिवार होता, दुपारी बाराच्या जरा आधी, शाळांना सुट्टी होती म्हणून कितीतरी मुलं वाचली. तरी सगळी मिळून जवळपास नऊ हजार माणसं गेली. मग १२ मे ला परत ७.३ चा धक्का, तो पूर्वेला दोलखा-सिंधुपाल्चोकच्या बाजूला. आपल्याकडे टीव्हीवर काय दिसलं, तर काठमांडूचा धरहरा मनोरा आणि पडलेली मंदिरं. दोन-तीन आठवड्यांत चॅनलवाले परत आले आणि आपल्यासाठी विषय संपला.

डोंगरात तो तेव्हा सुरू झाला होता. उपग्रहाच्या फोटोंवरून नंतर मोजणी झाली तेव्हा या भूकंपाने वीस हजारांहून जास्त दरडी कोसळल्याचं दिसलं. काठमांडूच्या उत्तरेला ट्रेकच्या वाटेवरचं लांगटांग गाव तर बर्फ आणि दगडांच्या एकाच लोंढ्याखाली गेलं, साडेतीनशेच्या आसपास माणसं, गावकरी आणि ट्रेकर दोन्ही. लोंढ्याबरोबर जो वारा सुटला त्यानेच समोरच्या उतारावरचं जंगल आडवं केलं. अख्ख्या गावात एकच घर उभं राहिलं, कारण ते कड्याच्या आडोशाला होतं. आज ट्रेकची पायवाट त्या दगडगोट्यांच्या पसाऱ्यावरनं जाते, खाली गाव आहे हे माहीत असूनही त्यावरनंच चालावं लागतं, दुसरी वाटच नाहीये.

पण मला बोलायचंय ते पडलेल्या दरडींबद्दल नाही, न पडलेल्यांबद्दल. भूकंपात डोंगरमाथा पायथ्यापेक्षा जास्त हलतो. नेपाळमधली बरीच गावं माथ्याजवळ नाहीतर वरच्या उतारावर, त्यामुळे तिथं जमिनीला भेगा गेल्या, काही शेताच्या बांधातून, काही थेट घराखालून. उतार सुटा झाला पण खाली आला नाही, तिथंच थांबला. मग जूनमध्ये पाऊस आला की पाणी त्या भेगांतून आत उतरतं, आतला दाब वाढतो, माती-खडकाची एकमेकांवरची पकड सुटते आणि एका रात्री सगळं एकदम खाली येतं. जे अर्धवट घसरून उतारावर पडून राहिलंय ते वेगळंच, फाटक्या पोत्यातून ज्वारी ओघळावी तसं ते दर पावसात थोडं थोडं नदीत उतरत राहतं, नदीचं पात्र भरतं, पाणी काठ खायला लागतं आणि ज्यांचं घर डोंगरापासून लांब नदीकाठी आहे तेही सुटत नाहीत. हे वर्षानुवर्षं चालतं.

सिंधुपाल्चोकचंच घ्या. भूकंपाच्या आदल्या वर्षी, २ ऑगस्ट २०१४ ला, तिथं जुरे गावाजवळ डोंगर कोसळून दीडशेवर माणसं गेली आणि सुनकोशी नदी अडून मोठा तलाव झाला. म्हणजे जिल्हा आधीच नाजूक. त्यावर २०१५ चे दोन धक्के. आणि मग १४ ऑगस्ट २०२० ला पहाटे लिदी नावाचं गाव दरडीखाली गेलं, चाळीसच्या आसपास माणसं दगावली. भूकंपाला पाच वर्षं उलटून गेली होती. त्या डोंगराला भूकंपात भेगा गेल्यात हे गावाला माहीत होतं, हलायचं बोलणंही झालं होतं. त्या चाळीस माणसांची गणती भूकंपबळींत कुठंच नाहीये, कागदावर ती ‘पावसाळी आपत्ती’. मला ही नोंदच चुकीची वाटते, कारण नोंद अशी झाली की उपायही तसेच शोधले जातात, पाऊस आला की धावायचं आणि ओसरला की विसरायचं.

आता येते माझ्या मुख्य मुद्द्यावर. भूकंपानंतर नेपाळ सरकारने पुनर्निर्माण प्राधिकरण काढलं, पडलेल्या घरामागे तीन लाख नेपाळी रुपये, तेही टप्प्याटप्प्याने, पाया झाला की इंजिनिअर बघणार मग पुढचा हप्ता. योजना चांगली होती, लाखो घरं त्यातनं उभी राहिली आणि आधीपेक्षा मजबूत उभी राहिली, हे मान्य करायलाच हवं. पण तपासणी घराची होत होती. भिंतीत आडवे पट्टे घातलेत का, कोपरे बांधलेत का, सळई किती. ते घर ज्या उतारावर उभं राहतंय त्याचं काय? भूगर्भतज्ज्ञ गावोगाव फिरून वस्त्यांचे तीन वर्ग करतही होते: सुरक्षित, उपाय केले तर चालेल अशा, आणि हलवल्याच पाहिजेत अशा. तिसऱ्या वर्गातल्या कुटुंबांना जमिनीसाठी दोन लाख. पण रस्त्यालगतच्या बाजारगावात दोन लाखांत किती जमीन येते हो? आणि घराचा हप्ता पदरात पाडून घ्यायला मुदत, जमिनीचं मात्र भिजत घोंगडं. माणूस काय करणार? आहे त्या जागेवर पाया काढणार. भूकंपाला टिकेल असं घर, दरडीत जाईल अशा जागी.

लांगटांगला जाताना स्याब्रुबेसीच्या पुढं एका छोट्या लॉजवर आम्ही थांबलो होतो. चालवणारी तामाङ समाजातली दिदी, पन्नाशीची असेल. चहा झाल्यावर तिनं मला मागच्या बाजूला नेलं. शेळ्यांच्या गोठ्यामागून एक भेग गेली होती, कुठं वीतभर तर कुठं हातभर रुंद. तिच्यात तिनं चिखल ठासून भरलेला, वरनं निळी ताडपत्री, ताडपत्रीवर ओळीने दगड. हे पाणी आत जाऊ नये म्हणून. एका जागी भेगेच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकून मधे सुतळी बांधली होती. जोराचा पाऊस लागला की कंदील घेऊन ती सुतळी बघून यायची, ताणलेली दिसली तर पोरांना उठवून पलीकडच्या धारेवर जाऊन बसायचं. मी विचारलं, दिदी, सरकारने जागा दिली तर दुसरीकडे जाल? म्हणाली, आत्ता जाईन, पण शेळ्या कुठं बांधू आणि बटाटा कुठं लावू ते आधी सांग. मला काही बोलता आलं नाही.

‘राहतातच कशाला’चं उत्तर इतकं साधं आहे. शेत तिथं, गुरं तिथं, पाण्याचा झरा तिथं, ट्रेकर येतात तेही तिथंच. खाली तंबूत नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन वर्षं काढून लोक परत वर गेले, कारण खाली पोट भरत नव्हतं. त्यांना धोका कळत नाही असं समजणं हा मला खरंच अपमान वाटतो. सुतळी बांधणाऱ्या बाईला धोका आपल्यापेक्षा शंभरपट जास्त कळतो.

रस्त्यांचा विषय थोडक्यात. गावोगाव डोझर लावून उतार कापले, ना गटार ना संरक्षक भिंत, कापलेली माती खाली ढकलून मोकळे. भेगा गेलेल्या डोंगराचा पायथा असा कापणं म्हणजे आपणच दरडीला आमंत्रण देणं. रस्ता हवाच, पेशंटला डोलीतून उतरवणाऱ्यांना विचारा. पण तो बघून-मोजून काढा ना.

चीनमधलं बेइचुआन इथं आठवतं. १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झालं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये मुसळधार पावसात उतारावरचा सुटा माल वाहत येऊन शहराचे अवशेष गाडले गेले. तेव्हा तिथं वस्ती उरली नव्हती, आणि नवीन शहर वीसेक किलोमीटरवर सपाटीला वसवलं. सगळ्यांना असं जमणार नाही, नेपाळकडे तेवढा पैसाही नाही आणि तेवढी सपाट जमीनही नाही. आणि नुसतं हलवणं पुरत नाही हे आपल्याला माळीणनेच दाखवलंय. ३० जुलै २०१४ ला दीडशेवर माणसं गेली, नवीन गाव बांधून झालं आणि २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथले रस्ते, भराव खचल्याच्या बातम्या आल्या. माळीणला भूकंपाचा संबंध नाही, ते पावसाचं होतं, पण जागा निवडताना घाई केली की काय होतं ते दोन्हीकडे सारखंच आहे.

माझं म्हणणं एवढंच की क्रम बदला. आधी जमीन बघा, मग घराचे पैसे द्या. ज्यांना हलवायचंय त्यांना शेत-गोठ्यासकट हलवा, नाहीतर निदान पावसाळ्याचे चार महिने रात्री झोपायला सुरक्षित जागा द्या, दिवसा वर शेतात जाऊ देत. भूकंपानंतरची दरडींची वाढ कायम राहत नाही, तैवान आणि चीनचा अनुभव आहे की काही वर्षांत उतार हळूहळू सावरतात, झाडोरा परत येतो. म्हणजे पावसाळ्यातली रात्रीची सोय ही काही पिढ्यान्‌पिढ्यांची जबाबदारी नाही, पहिली दहा-बारा वर्षं नेटाने करायची गोष्ट आहे. भेगांवर लक्ष ठेवायला गावातल्याच पोरांना पगार द्या, सुतळी तर त्यांनी आधीच बांधलीये, त्यांच्या हातात पर्जन्यमापक आणि वायरलेस द्या. किती मिलिमीटरला गाव रिकामं करायचं हे आधी ठरवा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिम नेपाळमध्ये जाजरकोटला भूकंप झाला, दीडशेवर माणसं गेली, आणि तिथंही चर्चा परत घरांच्या हप्त्यांचीच.

इथल्या ट्रेकिंग ग्रुपवाल्यांनो, तुमच्यातले बरेच जण दरवर्षी लांगटांग, एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाता, परत आल्यावर वह्या-पेनं, स्वेटर पाठवायला निधीही गोळा करता. या वेळी ज्या गावात मुक्काम कराल तिथं विचारा की पावसाळ्यात रात्री झोपायला कुठं जाता, आणि पैसे रात्री झोपायच्या सुरक्षित शेडसाठी द्या.