जीवनदायी योजना सोलापुरात 2017 ला नाही, 2012 लाच आली

सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतंय की महात्मा फुले जनआरोग्य योजना फडणवीसांनी 2017 ला नव्यानं आणली, त्याआधी गरिबाला काहीच नव्हतं. साफ चुकीचंय हे. 2 जुलै 2012 ला पृथ्वीराज चव्हाणांच्या काळात राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली ती आधी फक्त 8 जिल्ह्यांत आणि त्यात आपलं सोलापूर होतं, पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड घेऊन दवाखान्यात आरोग्यमित्राच्या (योजनेची मदत करणारा माणूस) टेबलावर जायचं, यादीतल्या आजाराला कुटुंबामागं वर्षाला दीड लाखापर्यंत कॅशलेस, विडी वळणाऱ्या बायांच्या घरालाही तेव्हापासूनच. 2017 ला त्याच योजनेचं नाव बदलून महात्मा फुले झालं, थोडे फेरबदल झाले. हां, 5 लाखांचं कव्हर आणि सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू करायचा निर्णय 2023 चा, शिंदे सरकारचा, फडणवीस तेव्हा उपमुख्यमंत्री, ते श्रेय द्यायलाच पाहिजे.