मूल मोठं होऊ नये म्हणून घ्यायची काळजी

आईबाबा लोकहो, मूल जन्माला आलं की ते आज ना उद्या मोठं व्हायला लागणार हे कोणी आधी नीट सांगतच नाही. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळ्याचे व्हिडिओ काढा म्हणतात, आणि मग एक दिवस तेच लेकरू 'तू जरा बाहेर जा ना' म्हणतं तेव्हा आपली तयारी शून्य असते. म्हणून हे थोडं मार्गदर्शन. मनापासून पाळलंत तर मूल उंचीने वाढेल, बाकी कुठूनही वाढणार नाही याची गॅरंटी माझी.

सगळ्यात आधी मुलाचं वय जन्मतारखेवरून मोजायचं बंद करा. वय हे समोर काम काय आहे त्यावरून ठरवायचं असतं. पसारा आवरायचाय, 'एवढा घोडा झालास तरी सांगावं लागतं'. मित्रांबरोबर दोन दिवस बाहेर जायचंय, 'अजून लहान आहेस तू'. धाकट्याने वही फाडली तर 'तू मोठी आहेस ना, तूच समजून घे', आणि त्याच मोठीने घरातल्या एखाद्या विषयावर मत दिलं की 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये'. ही दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळी, जमलं तर एकाच दमात म्हणता आली पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने किशोरवय म्हणजे १० ते १९, म्हणजे दहाएक वर्षं ही सोय हक्काने वापरता येते, आणि मी अशी घरं बघितलीयत जिथे ती चाळिशीपर्यंत चालू आहे, पोराला टक्कल पडलं तरी.

मेंदूच्या बाबतीत तर विज्ञान आपल्याच बाजूने आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो पुढचं-मागचं बघून निर्णय घेतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. हे वाचल्यावर पालकांना कोण आनंद होतो! 'बघ, तुझा मेंदूच अजून तयार नाही, कळलं का', संपला वाद. फक्त एक छोटासा अपवाद करायचा, आयुष्यभर काय करायचं, कुठल्या शाखेला जायचं, हे मात्र त्याच अर्धवट मेंदूने पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरवायचं, आणि तेही पटकन, कारण फॉर्मची तारीख संपत आलेली असते आणि बाबांनी तो आधीच भरून ठेवलेला असतो.

शरीराविषयी काही म्हणजे काही बोलू नका. 'वेळ आली की सांगू' हे वाक्य पाठ करून ठेवा. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात कधीही सुरू होतात, त्यामुळे तुम्ही जी वेळ येण्याची वाट बघताय ती बहुतेक येऊन, थोडा वेळ थांबून, निघूनही गेलेली असते. काळजी नको. तुम्ही समजा की शाळेत सांगत असतील, शाळा समजेल की घरी सांगत असतील, आणि बाई तो धडा 'हा तुम्ही घरी वाचा' म्हणून पुढे ढकलतील. मग पोरगं इंटरनेटवर शोधेल, त्याला जे सापडायचं ते सापडेल, आणि तुम्ही डोळे मोठे करून विचारायचं, 'हे असलं कुठे शिकलास?'

बोलायचं नाही म्हणजे त्याला समजावून सांगायचं नाही. चारचौघांत मात्र भरपूर बोलायचं. मुलाचा आवाज फुटायला लागला की घरी पाहुणे बोलवा. स्वरयंत्र वाढत असतं, स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, आणि त्या नव्या यंत्रावर त्याचा ताबा बसायला काही महिने जातात, त्यामुळे एका वाक्यात तो दोन माणसांसारखा बोलतो. अशा वेळी 'अरे परत बोल ना, काकांना ऐकव' असा आग्रह धरायचा. तो गप्प बसला तर 'हल्ली बोलतच नाही हो आमच्याशी' हे काकांना सांगायला मोकळे. चेहऱ्यावर फोड आले असतील तर घरात येणाऱ्या प्रत्येकाने ते त्याच्या लक्षात आणून द्यावेत, घरात आरसा नाहीच असं धरून. या वयात हातापायांची वाढ आधी होते आणि धड मागून येतं, त्यामुळे पोर कुठेही धडकतं, हातातलं सांडतं, त्याचं त्यालाच कळत नाही पाय कुठे संपतोय ते, तर त्यावर एकच उपाय, 'डोळे फुटलेत का?'

झोपेचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पालक फार हळवे होतात. वयात येताना मेंदूत झोपेचा मेलाटोनिन नावाचा संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतो, लहानपणापेक्षा तास-दोन तास पुढे, त्यामुळे त्यांना लवकर झोप येतच नाही, आणि गरज तर ८ ते १० तासांची असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगून टाकलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. नक्कीच हे डॉक्टर स्वतः रात्री मोबाईल बघत बसणारे असणार. तुम्ही मनावर घेऊ नका. सकाळी सात दहाला 'आठ वाजले!' अशी आरोळी द्या, पडदे सर्रकन ओढा, पांघरूण खेचा. आणि हो, रात्री 'मोबाईल ठेव' असं ओरडताना आपला मोबाईल खाली ठेवायची काही गरज नसते, आपल्याला तो कामासाठी लागतो. काम म्हणजे, आपल्याच शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर आजकालची मुलं कशी बिघडलीत याची चर्चा.

त्या ग्रुपवर सॉक्रेटिसचं एक वचन फिरत असतं, मुलं ऐषारामी झालीत, उद्धट झालीत, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत वगैरे. ते लगेच पोरांना फॉरवर्ड करा. आता ते सॉक्रेटिसचं नाहीच, केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या विशीतल्या मुलाने प्राचीन ग्रीसमधल्या तक्रारींचा आपल्या शब्दांत सारांश काढला होता, त्याचा तो प्रबंध १९०७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मोठ्यांच्या कुरकुरीची एका पोराने काढलेली ही नोंद आपण मोठे लोक पोरांनाच धाक म्हणून पाठवतोय. पण पाठवा, पोरं वाचत नाहीतच.

दार. दार हा मुख्य विषय आहे. मुलाने खोलीचं दार लावलं की समजायचं आत काहीतरी शिजतंय. दारावर टकटक जरूर करा, आपण सुसंस्कृत लोक आहोत, फक्त टकटक आणि आत शिरणं हे एकाच वेळी झालं पाहिजे.

'काय करतोयस?'
'काही नाही.'
'मग दार कशाला लावलंस?'
'असंच.'
'असंच म्हणजे? एवढं लपवण्यासारखं काय आहे?'
'काही नाहीये आई, बसलोय नुसता.'
'नुसता बसलायस तर बाहेर येऊन बस.'

इथे खोलीभर एक नजर फिरवायची, खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघून सुस्कारा टाकायचा, आणि बाहेर पडायचं. आणि मग खरी कला, बाहेर पडताना दार पूर्ण लावायचं नाही. पूर्ण उघडंही ठेवायचं नाही. चार बोटं फट राहील एवढं सोडायचं आणि त्याच्या 'आईऽऽ दाऽऽर' या हाकेला ऐकू न आल्यासारखं करायचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १६ आहे, मुलाच्या खाजगी आयुष्यात, घरात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ नको म्हणून. बरेचसे देश सह्या करून बसलेत त्यावर. पण सह्या देशांनी केल्यात, आपण नाही. त्याची डायरी उघडी दिसली तर वाचा, मोबाईल उघडा दिसला तर तोही, आणि वाचून जे कळलं ते 'मला सगळं कळतं हं, आई आहे मी तुझी' असं म्हणून सूचकपणे वापरा. तुमच्या मोबाईलचा पासवर्ड वेगळी गोष्ट, त्यात ऑफिसचं असतं.

मित्रांच्या बाबतीत नियम सोपाय. आपलं मूल मुळात चांगलंच असतं, त्याला बिघडवतात ते मित्र. ही गोष्ट सगळ्याच पालकांना आपापल्या मुलाबद्दल माहीत असते, त्यामुळे सगळ्यांना बिघडवणारं ते मूळ पोरगं नेमकं कुणाच्या घरचं याचा पत्ता आजवर कुठल्याही पालकसभेत लागलेला नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम, त्यात १३ ते १६ वयाची मुलं मित्र बघायला बसले की एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करायची, आणि २४ च्या पुढच्यांना मित्र असले काय नसले काय, फरक पडला नाही. यावरून एखादा म्हणेल की दोष ना आपल्या पोराचा ना दुसऱ्याच्या, हे त्या वयाचं आणि प्रेक्षकांचं आहे, चार वर्षं नीट लक्ष ठेवलं तर निभावून जाईल. तुम्ही असलं काही म्हणू नका, तुम्ही सरळ 'त्या अमक्याशी बोलायचं नाही' म्हणा, म्हणजे त्या अमक्याचं महत्त्व रातोरात दुप्पट होईल.

आणि मूल उदास दिसलं तर 'तुला कसलं आलंय टेन्शन, तुला काय घर चालवायचंय?' एवढं पुरतं.

आता पोरांनो, तुम्ही. तुम्ही काय मागे राहू नका. सोयीचं वय हा काही फक्त आईबाबांचा हक्क नाही. 'माझं मला कळतं, मला सारखं सांगू नका' हे रात्री ठणकावून म्हणायचं आणि सकाळी बस चुकली की 'मला उठवलं का नाही?' हे तेवढ्याच ठणकावून म्हणायचं. आपली खोली ही आपली, त्यात कोणी पाऊल टाकायचं नाही, पण त्यातला कचरा, कपडे आणि चार दिवसांपूर्वीचा पेला हे आपोआप बाहेर गेले पाहिजेत. 'कसा गेला दिवस?' ला 'ठीक'. 'काय झालं?' ला 'काही नाही'. 'कोण कोण होतं?' ला 'होते सगळे'. एवढ्या तीन उत्तरांवर सहा-सात वर्षं आरामात निघतात. बाबांनी मोबाईलमधलं काही विचारलं तर 'एवढं पण येत नाही तुम्हाला?' असं म्हणून फोन त्यांच्या हातातून ओढून, त्यांना दिसणार नाही इतक्या वेगाने करून परत द्यायचा, म्हणजे उद्या ते तेच परत विचारतील आणि तुम्हाला परत तेच म्हणता येईल. प्रोजेक्ट उद्या द्यायचाय ही बातमी आज रात्री साडेदहाच्या आधी कुणाला कळता कामा नये.

पण पालकांनो, रात्रीचं निघालंच आहे तर एक धोक्याची सूचना. दिवसभर 'काही नाही' म्हणणारं हे पोर कधीकधी रात्री साडेअकराला, दिवे मालवल्यावर, तुमच्या दाराच्या चौकटीला टेकून उभं राहतं. आत येत नाही. 'झोपलात का?' विचारतं. मग उगाच चौकटीचा रंग नखाने खरवडत म्हणतं, 'आज ना, वर्गात एक झालं.' सावध व्हा. ही वेळ फार वाईट. इथे तुम्ही पाच मिनिटं नुसते गप्प राहिलात तर ते पोर आत येईल, पायाशी बसेल, आणि सगळं सांगून टाकेल, आणि आतापर्यंत वर दिलेली सगळी मेहनत पाण्यात जाईल. म्हणून दुसऱ्याच वाक्याला तोडायचं. 'मी तुला आधीच सांगत होते' हे सगळ्यात खात्रीचं. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हेही चालतं. काहीच सुचलं नाही तर 'अकरा वाजून गेले, अजून जागाच आहेस तू?' ते 'जाऊ दे' म्हणेल आणि जाईल. गेल्यावर नवऱ्याला हलवून सांगायचं, 'बघा, काही बोलतच नाही हा.'

या सगळ्यातून पार पडलात की अठरावं लागतं. कायद्याने बऱ्याच ठिकाणी आता तो सज्ञान, बालहक्कांच्या त्याच करारात मूल म्हणजे अठराच्या आतलं असं लिहिलंय. त्याला अभिमानाने सांगा, की आता तुझे निर्णय तुझे, तुझे फॉर्म तुझे, तुझं खातं तुझं. तोही मान ताठ करून लॅपटॉप घेऊन खोलीत जाईल, दार लावेल, नाव टाकेल, जन्मतारीख टाकेल, सवयीने मोबाईल नंबर बाबांचा टाकेल, आणि दोन मिनिटांनी आतून हाक येईल,

'बाबाऽऽ, ओटीपी!'