लग्नाचा खर्च आणि घराचा कागद

२०२५ च्या मे महिन्यात पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूने हुंड्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आणि लग्ने कशी व्हावीत यावर महाराष्ट्रात जी चर्चा सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. मराठा समाजाच्या बैठकांमधून आचारसंहिता पुढे आल्या: पाहुणे शे-दोनशेच असावेत, डीजे नसावा, प्री-वेडिंगचे चित्रीकरण मंडपात दाखवू नये, हुंडा देऊ-घेऊ नये. नागपुरात आमच्या नात्यागोत्यात मराठा कमी आणि इतर जास्त, पण विषय सगळ्यांच्याच घरी पोहोचला. त्याच्या जोडीला दुसरा वाद चालूच होता, तो म्हणजे आधी घर की आधी लग्न. परिचय मेळाव्यात मुलाच्या माहितीपत्रकावर ‘स्वतःचा फ्लॅट’ असे नसेल तर स्थळ पुढे सरकत नाही, आणि फ्लॅट असेल तर त्याच्या हप्त्यात मुलाचा निम्मा पगार जातो, अशी तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते.

मी नागपूरच्या प्रतापनगरात वाढले, माझा नवरा अमरावतीचा, आणि आम्ही दोघेही काही वर्षांपासून नेदरलँड्समधील आइंडहोव्हनला नोकरी करतो. आमचे लग्न ठरणे, घर घेणे आणि त्यापायी नागपूरच्या वाऱ्या करणे हे सगळे एकाच हिवाळ्यात आले. त्या धावपळीच्या महिन्यांनी माझे एक मत पक्के केले. लग्नात पाहुणे किती, हा प्रश्न आपण गरजेपेक्षा मोठा केला आहे आणि पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा व कागदावर नाव कोणाचे, हे प्रश्न आपण लग्न पार पडेपर्यंत तोंडातून काढत नाही.

परदेशातील लग्ने साधी असतात, त्यांच्याकडून शिका, असे घरी नेहमी सांगितले जाते. साधे लग्न शिकायला आपल्याला इतक्या दूर जाण्याची गरज नाही. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. नागपुरात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पांढऱ्या वस्त्रांत, त्रिशरण-पंचशील म्हणून लागणारी लग्ने पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. डच लोकांचे नगरपालिकेतील लग्न अर्ध्या तासात आटोपते हे खरे आहे. त्यासाठी किमान दोन आणि जास्तीत जास्त चार साक्षीदार लागतात, आणि ठरावीक वेळी ते विनाशुल्कही लावून मिळते. पण रात्रीच्या मेजवानीवर तेही मनसोक्त खर्च करतात. फरक इतकाच की तो खर्च बहुतेक वेळा नवरा-नवरी स्वतः करतात, आणि म्हणून त्याचा आकारही तेच ठरवतात.

‘नोंदणी विवाह करा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला तर आम्हाला फार जणांनी दिला. परदेशात राहणाऱ्या जोडप्यासाठी तो जवळजवळ अशक्य आहे, हे सल्ला देणाऱ्यांना ठाऊक नसते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते आणि नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते. नेदरलँड्समध्ये पूर्णवेळ नोकरदाराला कायद्याने मिळणारी किमान पगारी रजा वर्षाला २० दिवसांची असते. कंपन्या त्यात थोडी भर घालतात, पण दोन महिने नागपुरात मुक्काम करण्याइतकी नाही. हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही झालेल्या लग्नाची नोंद असते, ती स्वतः लग्न नसते; विधी न करता केवळ नोंदणी केल्याने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. नेदरलँड्समध्ये नेमके उलटे आहे. तिथे नगरपालिकेत लागलेले लग्नच कायद्याला मान्य आहे आणि धार्मिक विधी त्याच्या आधी करायला मनाई आहे. आपल्याकडे ज्यांना खरोखर साधी लग्ने हवी आहेत, त्यांनी पाहुण्यांच्या संख्येवर ठराव करण्याबरोबर या ३० अधिक ३० दिवसांच्या अटीवरही बोलायला हवे, कारण साधेपणाची सर्वांत सरळ वाट तिथेच अडते.

तेव्हा आम्ही सप्तपदीचे लग्न नागपुरात करायचे ठरवले, आणि मग पंचांग व रजेची सांगड घालण्याचे काम सुरू झाले. युरोपात लांब सुट्या मिळतात त्या नाताळात आणि जुलै-ऑगस्टमध्ये. पहिल्या वेळी आपल्याकडे धनुर्मास असतो, दुसऱ्या वेळी चातुर्मास, आणि आमच्या घरी दोन्हींत लग्न करीत नाहीत. मे महिन्यात मुहूर्त भरपूर असतात, पण ४५ अंशांच्या उन्हात अमरावतीहून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लॉनवर बसवणे आम्हा दोघांनाही मान्य नव्हते. शेवटी फेब्रुवारी ठरला.

पाहुणे पाच-सहाशे होते. माझा या संख्येला विरोध नव्हता आणि आजही नाही. आईबाबा नागपुरात दोघेच राहतात. बाबांना एकदा रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा त्यांना गाडीत घालून रुग्णालयात नेणारे शेजारचे काका होते, तिथे पहाटेपर्यंत बसून राहिलेला बाबांच्या जुन्या कार्यालयातील एक सहकारी होता, आणि पुढचे आठ दिवस डबा पुरवणाऱ्या भिशीतील बायका होत्या. मी त्या रात्री हजारो किलोमीटर दूर फोन धरून बसले होते. शंभर पाहुण्यांची मर्यादा घातली की सर्वांत आधी यादीतून हीच माणसे गळतात, कारण ती नात्यात बसत नाहीत. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांचा आधार ज्यांच्यावर उभा आहे, त्यांना लग्नाला बोलावणे आणि पोटभर जेवू घालणे ही माझ्या लेखी उधळपट्टी नाही. उधळपट्टी इतरत्र असते. जेवणात वडाभात, पाटवडी आणि सांबारवडी असली की आमच्याकडची माणसे तृप्त होतात; त्यापुढे लावलेले पास्त्याचे आणि चायनीजचे काउंटर केवळ कोणाच्या तरी लग्नात पाहिले म्हणून लावले जातात. आम्ही ते लावले नाहीत. लॉनचे भाडे आणि जेवणाचा खर्च आम्ही दोघांनी आमच्या सामाईक खात्यातून दिला आणि पत्रिकेवर आहेर स्वीकारला जाणार नाही असे छापले. मुलीकडच्यांनी लग्न करून द्यायचे असते, या समजुतीत आयुष्य घालवलेल्या माझ्या बाबांना हे पचवायला जड गेले. पण जो पैसे देतो तोच यादी आणि जेवणावळ ठरवतो, हा नियम त्यांना नवा नव्हता. या वेळी पैसे देणारे बदलले, एवढेच झाले.

घराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आइंडहोव्हनमध्ये भाड्याने घर मिळणे इतके अवघड झाले आहे की विकत घेणेच शहाणपणाचे ठरते. बँक घराच्या किमतीइतके पूर्ण कर्ज देऊ शकते, मात्र नोटरी, मूल्यांकन, दलाल हे खर्च स्वतःच्या बचतीतून करावे लागतात. कर्जाची मर्यादा दोघांच्या पगारावर ठरते. त्यामुळे दोघांनाही पगारपत्रके, देणी आणि शिल्लक असे सगळे एकाच टेबलावर ठेवावे लागते. बोली बंद असते, समोरच्याने किती लावली ते कळत नाही, आणि मागितलेल्या किमतीपेक्षा बरेच जास्त लावल्यावरही घर हातचे जाते. घर मिळाल्यावर करारावर सही केली की खरेदीदाराला विचार बदलण्यासाठी कायद्याने तीन दिवस दिलेले असतात. त्या तीन दिवसांत कोणतेही कारण न देता मागे फिरता येते. आपल्याकडे ‘आजच टोकन द्या, उद्या भाव वाढेल’ म्हणून सुशिक्षित माणसांकडूनही ज्या घाईने धनादेश घेतले जातात ते आठवले की ही तरतूद महाराष्ट्रात असावी असे मला मनापासून वाटते.

जानेवारीत, लग्नाच्या काही आठवडे आधी, आम्ही नोटरीसमोर बसलो. आम्हाला कामापुरते डच येते, पण दस्त समजण्याइतके येत नाही, म्हणून शपथबद्ध दुभाषी शेजारी होता. त्याच्याशिवाय नोटरी पुढे जायला तयार नव्हत्या. त्यांनी मुख्य कलमे सांगितली, दुभाष्याने ती इंग्रजीत सांगितली, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांनी आम्हा दोघांकडे वेगवेगळे पाहून समजले का, असे विचारले. नवऱ्याने माझ्या वतीने मान हलवली तेव्हा त्यांनी शांतपणे माझ्या उत्तराची वाट पाहिली. त्याआधीच्या भेटीत त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट आमच्या लक्षात आणून दिली होती. १ जानेवारी २०१८ पासून तिथे लग्नापूर्वीची ज्याची त्याची मालमत्ता ज्याची त्याची राहते आणि लग्नानंतरची कमाई साधारणपणे दोघांची होते. पण लग्नापूर्वी दोघांनी मिळून घेतलेले घर लग्न होताच निम्मे-निम्मे समजले जाते, मग त्यात कोणी किती पैसे घातले असोत. माझी बचत त्यात थोडी जास्त होती. तो फरक जपायचा की सोडून द्यायचा, हे लग्नाआधी ठरवा आणि जपायचा असेल तर लिहून ठेवा, असे त्यांनी सांगितले. आम्ही दोन संध्याकाळी त्यावर बोललो आणि लिहून ठेवले.

नागपुरात ही गोष्ट कळली तेव्हा मोठ्या काकूंना वाईट वाटले. ‘आतापासूनच तुझंमाझं?’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यामागे माया होती, पण विचार उलटा आहे असे मला वाटते. नेदरलँड्समध्ये आम्ही काहीच बोललो नसतो तरी कायद्याने घराचा अर्धा भाग माझा ठरला असता. भारतात लग्नाने नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला हयातीत मालकी मिळत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, वारसाहक्क आहे, स्त्रीधन तिचे आहे. पण घर ज्याच्या नावावर त्याचेच. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली आपल्या पगारातून हप्ता भरतात, किंवा नवऱ्याचा हप्ता सुटावा म्हणून घरखर्च स्वतः उचलतात, आणि करारनाम्यावर त्यांचे नाव नसते. जिथे न बोलता काहीच मिळत नाही, तिथेच लग्नाआधी या विषयावर बोलणे अशुभ मानले जाते.

सरकारी धोरणही इथे अर्धवट राहिले आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सुरुवातीला असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. परंतु पती-पत्नी मिळून घर घेत असतील तर सवलत लागू होत नाही. साठ लाखांच्या फ्लॅटवर हा साठ हजारांचा फरक आहे. सवलत नाही म्हटल्यावर घरातील पुरुष एकट्याचे नाव लावून मोकळे होतात, आणि बहुसंख्य जोडप्यांना जी पद्धत परवडेल व पटेल, त्या संयुक्त नावालाच प्रोत्साहन मिळत नाही. निदान पत्नीच्या हिश्श्यापुरती ही सवलत द्यावी, अशी मागणी महिला संघटनांनी आणि आमदारांनी लावून धरावी.

परदेशातील पद्धत सर्वच बाबतींत सरस आहे असे मात्र मी म्हणणार नाही. लग्नाच्या गडबडीतच बाबांच्या एका मित्राने नागपूरलगतच्या बेसाच्या पुढे एक प्लॉट सुचवला, आणि मामा मला तिथे घेऊन गेले. मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या रेषा मारलेल्या होत्या, कोपऱ्यांवर दगड रोवले होते आणि मंडपाखाली बसलेला विक्रेता नकाशा दाखवत होता. मामा नकाशाकडे पाहतच नव्हते. त्यांनी सातबारा मागितला, अकृषक (एनए) आदेशाची तारीख विचारली, लेआउट महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून मंजूर आहे का ते विचारले, आणि ‘एनए होऊन जाईल’ हे उत्तर ऐकताच चप्पल घातली. ‘आधी कागद पाहजो, मंग पैसे देजो,’ एवढेच ते गाडीत म्हणाले. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे मला ठाऊक होते. पण शेतजमीन प्लॉट म्हणून कशी विकली जाते आणि पुढे आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे ‘रिलीज लेटर’, मिळवण्यासाठी लोकांना नागपूर सुधार प्रन्यासात कसे खेटे घालावे लागतात, हे मामांना ठाऊक होते. अनधिकृत लेआउट आणि गुंठेवारीचा त्रास ज्या शहराने इतकी वर्षे भोगला, तिथे वडीलधाऱ्यांचा घरखरेदीतील हस्तक्षेप मला हवासा वाटतो. लग्नाच्या जेवणावळीत त्यांचे ऐकायचे आणि घराच्या कागदपत्रांत त्यांना दूर ठेवायचे, ही आजच्या तरुण जोडप्यांची रीत मला उलटी करावीशी वाटते.

लग्नानंतर माहूरला रेणुकेचे दर्शन झाले, महापालिकेच्या झोन कार्यालयात विवाहनोंदणीचा अर्ज झाला आणि रजा संपली. प्रमाणपत्रावर अपोस्टील, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणूनचा सरकारी शिक्का, होऊन ते आइंडहोव्हनच्या नगरपालिकेत दाखल होईपर्यंत उन्हाळा लागला. तोवरच्या सगळ्या फेऱ्या नागपुरात बाबांनी मारल्या.

आता मामांच्याच मुलीचे लग्न ठरले आहे. मुलाने मनीषनगरात फ्लॅट पाहिला आहे आणि तिच्याही पगारावर कर्ज निघणार आहे. पाहुणे किती बोलवायचे यावर दोन्ही घरांत बरीच ओढाताण झाली, पण करारनाम्यावर दोघांचीही नावे येणार, हे मामांनी पहिल्याच बैठकीत सुपारी फुटण्याआधी विचारून घेतले आणि मुलाच्या वडिलांनीही लगेच होकार दिला. हप्ता कोणाच्या खात्यातून जाईल आणि तिने नोकरी बदलली तर काय, हे दोघांनी अजून ठरवायचे आहे. त्यासाठी येत्या रविवारी ते सगळे आकडे घेऊन बसणार आहेत.