बायकांची वटवट, पुरुषांची चर्चा

महिला दिन आला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात, पुरुष फक्त ७,०००, विज्ञानाने सिद्ध! खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते आणि कुणीतरी काका लिहितात, "आमच्याकडे ४०,०००." यंदा उत्तर द्यायचं ठरवलं. लांबलं, तर माझ्या आजच्या कोट्यातून वजा करा.

आधी ते 'सिद्ध'. हा आकडा गाजला तो अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ लुआन ब्रिझेन्डाइन यांच्या २००६ सालच्या पुस्तकामुळे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन त्याचं मूळ शोधत गेले, तर कुणी खरोखर शब्द मोजल्याचा अभ्यासच सापडेना. पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीतून आकडा गेला. फॉरवर्डमधून कोण काढणार?

मोजणी झाली, पण नंतर. २००७ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात मथायस मेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांनी रेकॉर्डर अंगावर बाळगला. तो दिवसभर अधूनमधून थोडं थोडं टिपायचा. त्यावरून काढलेली सरासरी: मुली १६,२१५, मुलगे १५,६६९. फरक साडेपाचशेचा. आमची मावशी "बरं, ठेवते हं" म्हटल्यावर फोन ठेवेपर्यंत एवढं सहज बोलते. आणि सगळ्यांत बोलका निघाला तो एक मुलगाच, सुमारे ४७,००० शब्दांचा.

हे सगळे विद्यार्थीच होते, हा आक्षेप रास्त. म्हणून २०२५ मध्ये २,१९७ जणांचा मोठा अभ्यास आला. त्यात २५ ते ६४ या वयात बायका दिवसाला सुमारे ३,००० शब्द जास्त बोलताना आढळल्या. हे मान्य करायलाच हवं. पण फॉरवर्डमधला फरक १३,००० चा आहे. शिवाय माणसामाणसांतली तफावत इतकी प्रचंड, की नुसत्या शब्दसंख्येवरून बाई की पुरुष ते ओळखता येऊ नये.

मुळात ७,००० म्हणजे किती? मिनिटाला १५० शब्द धरले तर पाऊण तास. कट्ट्यावर दुसरा चहा येण्याआधीच संपतील. आणि २००७ ची मोजणी इंग्रजी-स्पॅनिशची. 'तुमच्याकडच्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द इंग्रजीत पाच-सहा होतो. तेव्हा मराठी काकूंना तो आकडा जसाच्या तसा चिकटवणं हिशेबातही बसत नाही.

फॉरवर्डच्या शेपटाला 'बायकांच्या मेंदूत बोलण्याचं प्रथिन जास्त' असंही असतं. त्या फॉक्सपी२ प्रथिनाचा २०१३ चा अभ्यास मुख्यतः उंदरांच्या पिल्लांवरचा. त्यात नर पिल्लांमध्ये ते जास्त होतं, आणि ओरडतही तीच जास्त होती. माणसांचे नमुने फक्त दहा लहान मुला-मुलींचे. ती किती बोलत, हे कुणी मोजलंच नव्हतं.

मग 'बायका फार बोलतात' असं वाटतं तरी का? मला वाटतं, गोम आपल्या शब्दांत आहे. पारावर पुरुष तासभर बोलले तर ती चर्चा, रात्रभर बोलले तर मैफल. तेच बाईने केलं की वटवट, टकळी, चऱ्हाट. टकळी सूत काढायची, चऱ्हाट म्हणजे दोर. निदान तिथे हातांना काम तरी होतं, एवढं श्रेय द्या. 'वटवट सावित्री' हा विनोद घरोघरी झाला, पण सत्यवानाला असं काही चिकटलेलं ऐकलं नाही. कॅनडातल्या जेम्स आणि ड्राकिच या दोघी संशोधकांनी १९९३ मध्ये स्त्री-पुरुष एकत्र असतानाच्या बोलण्यावरचे ५६ अभ्यास तपासले. ३४ मध्ये पुरुष एकूणच किंवा काही प्रसंगी जास्त बोलले होते, बायका फक्त दोनमध्ये.

आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत पार्किंगवर पाऊण तास भाषण झालं. बोलणारे तेच, ४०,००० वाले काका. मग शेजारच्या वहिनी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. दुसरं वाक्य पूर्ण व्हायच्या आत काका म्हणाले, "वहिनी, जरा थोडक्यात."