फोर बाय फोर नसलेली थार

फोर बाय फोर नसलेल्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद न मिळणाऱ्या महिंद्राच्या थारला थार म्हणायचं का, यावरून आमच्या नातेवाइकांत सध्या उघड दोन तट पडले आहेत. खरं तर तीन. नाशिकच्या भाच्याकडे दीड लिटर डिझेल इंजिनची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आहे. त्याच्या साताऱ्याच्या चुलतभावाकडे २.२ लिटरची फोर बाय फोर. तो भाच्याच्या गाडीला ‘थारचं कव्हर घातलेली बोलेरो’ म्हणतो. (बोलेरो ही शिवी कधीपासून झाली कोण जाणे. निम्मा महाराष्ट्र तिच्या जिवावर हलतो.) आणि पुण्याचे मेहुणे मारुतीची जिम्नी घेऊन बसलेत. त्यांचं म्हणणं, तुम्ही भांडा खुशाल, जिम्नी भारतात टू-व्हील-ड्राइव्ह मिळतच नाही, खालच्या व्हेरियंटलाही लो रेंज (हळू पण जास्त जोराने चालायचे खास गिअर) आहे, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. हे ऐकलं की दोन्ही थारवाले एक होतात आणि जिम्नीला खेळण्यातली गाडी ठरवतात. ती एकी तेवढ्यापुरतीच.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. ‘मामा, तू जीपच्या गावात राहतोस, तूच सांग,’ असा निवाडा मागितला गेला म्हणून हे लिहितोय.

तर माझ्या मते भाच्याची थार ही थारच आहे.

साताऱ्याच्या पार्टीचा सगळा युक्तिवाद ‘पूर्वी असं नव्हतं’ यावर उभा आहे. पूर्वी असंच होतं. २०१० साली पहिली थार आली तेव्हा तिचा साध्या डिझेल इंजिनचा टू-व्हील-ड्राइव्ह प्रकारही विकला जायचा. आणखी मागे जायचं तर जीप बनवणाऱ्या खुद्द विलीज कंपनीने १९५५ मध्ये डिस्पॅचर नावाची जीप काढली, तीही मागच्याच चाकांवर चालायची. तिच्या पुढच्या पिढीतल्या गाड्यांमधून इथल्या पोस्टमननी वर्षानुवर्षं टपाल वाटलं. जीप म्हणजे फोर बाय फोरच, हा हट्ट जीप बनवणाऱ्यांनी कधी धरला नव्हता.

आणि वडाप विसरलात का रे? सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या जीपगाड्यांनी एसटी पोचत नव्हती तिथे माणसं पोचवली, त्या कमांडर आणि मार्शल बहुतेक टू-व्हील-ड्राइव्हच होत्या. पुढच्या सीटवर चौघं, त्यामुळे ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, गिअर टाकायचा तर शेजारच्याला ‘जरा पाय घ्या’ म्हणायचं. मागे फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, टपावर बोचकी आणि दुधाचे कॅन, फुटबोर्डवर दोन पोरं लोंबकळलेली. ऐन आषाढात, लाल मातीच्या निसरड्या चढावर गाडी अडली की पोरं उतरून ढकलायची आणि पुन्हा लटकायची. मालकाला पुढच्या ॲक्सलचा खर्च परवडणारा नव्हता, ॲव्हरेज पडलेलं तर त्याहून नको होतं. त्या गाडीला रांगडी म्हणायला कुणी रिकामं नव्हतं. कर्ज कधी फिटतंय एवढंच बघायचे.

आता फोर बाय फोरवाल्याचं जे खरं आहे तेही सांगायला हवं. लॅडर फ्रेम (शिडीसारखा सांगाडा) तीच, जमिनीपासूनची उंची तीच, पण चिखलाच्या उभ्या उतारावर या दोन थारमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. लो रेंज टाकली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ती ब्रेकला पाय न लावता मुंगीच्या पावलाने खाली येते. टू-व्हील-ड्राइव्हमध्ये तिथे ब्रेक दाबावा लागतो, चाकं लॉक व्हायला बघतात, ती लॉक होऊ न देणारं एबीएस खडखडत राहतं आणि पुढचं सगळं ग्रामदेवतेवर. चढताना मागचं एक चाक हवेत गेलं की पुढची दोन नुसती सोबतीला. भाच्याच्या गाडीत फोर बाय फोरच्या लिव्हरच्या जागी कंपनीने वस्तू ठेवायला खण दिलाय. त्यात तो फास्टॅगचे जुने कागद आणि चष्मा ठेवतो. साताऱ्याच्या पठ्ठ्याला मी विचारलं, तू लिव्हर शेवटचा कधी ओढलास? तर म्हणाला, ‘कासला गेलो होतो तेव्हा.’ कासला डांबरी रस्ता आहे.

मुळात ही टू-व्हील-ड्राइव्ह थार जानेवारी २०२३ मध्ये आली ती काही धर्म बुडवायला नव्हे, कर वाचवायला. लांबी ४ मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत (म्हणजे दीड लिटर) असेल तर आपल्याकडे ती कराच्या हिशेबात छोटी गाडी. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्यापासून दीड लिटरच्या थारवर १८ टक्के आणि २.२ लिटरवाल्या फोर बाय फोरवर ४० टक्के. म्हणजे गल्लीत जिला बघून रिक्षावाले बाजूला होतात, ती गाडी सरकारदरबारी अल्टोच्या ओळीत बसते. भाच्याने बचतीचं गणित करून गाडी घेतली आणि रुबाब फुकटात मिळाला, याचंच खरं पोटात दुखतंय.

इकडे हेच भांडण फोर्ड ब्रॉन्कोवरून चालतं. १९६६ ते १९९६ अशी तीस वर्षं चालून बंद पडलेलं हे नाव फोर्डने २०२१ च्या मॉडेलपासून परत आणलं आणि एकदम दोन गाड्यांना चिकटवलं. मोठी ब्रॉन्को मिशिगनमध्येच बनते. तिला वेगळी फ्रेम आहे, दारं आणि छप्पर काढता येतं. छोटी ब्रॉन्को स्पोर्ट मेक्सिकोत बनते आणि आतून ती फोर्डच्या एस्केप या घरगुती गाडीची सख्खी बहीण. मोठीचे मालक तिला ‘वेष बदललेली एस्केप’ म्हणतात. बोलेरोचा टोमणा साता समुद्रापलीकडे तयारच होता. गंमत अशी की छोटीलाही चारही चाकांना ताकद मिळते, प्रत्येक व्हेरियंटमध्ये, तरी बोलणी चुकत नाहीत. म्हणजे भाच्याने उद्या फोर बाय फोर घेतली तरी साताऱ्याहून दुसरं काहीतरी निघेलच.

जाता जाता, ‘जीपच्या गावा’वरून आठवलं. जीपचं मुख्यालय असलेल्या ऑबर्न हिल्समध्येच महिंद्राने २०१८ पासून रॉक्सर नावाची, जुन्या थारच्या हाडापेराची गाडी जोडायला घेतली. जीपवाल्यांनी थेट अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार नेली की हे आमचं रूप आहे, आणि २०२० मध्ये आयोगाने त्या रूपातल्या रॉक्सरची विक्री थांबवली. महिंद्राला तिचा चेहरा बदलावा लागला. ज्यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून विलीज जीप जोडून धंदा उभा केला, त्यांच्यावर ही वेळ. खऱ्या-खोट्याचा हा वाद घरातल्या पोरांनी सुरू केलेला नाही.

पण इथला वाद चिघळत नाही, आणि याचं कारण अमेरिकन माणूस समंजस आहे हे नव्हे. मोठ्या ब्रॉन्कोला पस्तीस इंची टायर घालून मॉलच्या पार्किंगपलीकडे कधीही न गेलेले वीर इथे पायलीला पन्नास आहेत. कारण साधं आहे. आमच्याजवळ होली नावाच्या गावी वाळू-खडीच्या जुन्या खाणी होत्या. त्यांचं राज्य सरकार आणि काउंटीने मिळून २०२० मध्ये ऑफ-रोड पार्क केलं. गाडीला परवान्याचं स्टिकर लावायचं, पास काढायचा आणि आत जायचं. खड्डे, दगडांच्या राशी, चिखल, वाळूचे चढ, सोप्यापासून अवघडपर्यंत पाट्या लावून ठेवलेत.

तिथे मी एक ब्रॉन्को स्पोर्ट अडकलेली पाहिली. तिरप्या खड्ड्यात उजवं पुढचं चाक अधांतरी, समोरच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक नुसतं गरगर फिरतंय, गाडी तसूभर हलत नाही. मागे रांगेत जीप रँग्लरमध्ये एक आजोबा होते. ते खाली उतरले, तिच्या टायरला बोट लावून म्हणाले, हवा फार आहे. ड्रायव्हर बाईंनी चारही चाकांची हवा निम्म्यावर आणली, टायर पसरले, आजोबांनी हाताने खुणा करत स्टिअरिंग कुठे वळवायचं ते दाखवलं आणि गाडी ओढायचा पट्टा न लावता बाहेर आली. पुढच्या दगडाच्या चढावर मात्र त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं, इथे तुमची गाडी जाणार नाही, पोट घासेल, त्या बाजूने जा. बाई गेल्या. नावाचा विषय निघाला नाही, कारण उत्तर समोर दगडात दिसत होतं.

हिवाळ्यातही तसंच. बर्फात चारही चाकांना ताकद असली तर गाडी निघते लवकर, थांबत मात्र नाही लवकर. थांबवतात ते टायर. पहिल्या बर्फाला हायवेच्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत दांडग्या नावांच्या एसयूव्हीच जास्त दिसतात.

आपल्याकडे ही परीक्षा द्यायची कुठे? इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड अकादमी आहे, तिथे पैसे भरून शिकता येतं. काही खासगी ट्रॅक आहेत. बाकी हौस भागवायला नदी आणि समुद्र. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये एकाने वाहतूक कोंडी टाळायला थार सरळ चंद्रा नदीच्या पात्रात घातली आणि पोलिसांनी चलान फाडलं. २०२४ मध्ये कच्छमध्ये मुंद्र्याला रील करायच्या नादात दोन थार समुद्रात रुतल्या. कोकणातल्या पुळणीवर भरतीच्या वेळी ट्रॅक्टर शोधत फिरणारे पुणे-मुंबईचे गाडीवाले तर दर सुट्टीत दिसतात. या सगळ्यात गाडी फोर बाय फोर असण्या-नसण्याने काडीचा फरक पडत नाही. पडलाच तर उलटा पडतो, लिव्हर असलेला माणूस आणखी दहा मीटर आत जाऊन रुततो.

जिम्नी घेतलेले मेहुणे त्या मानाने शहाणे निघाले. इगतपुरीचा कोर्स करून आले. हलकी गाडी चिखलात कमी रुतते हे त्यांना तिथे कळलं, आणि चढावर १०५ पीएसचं इंजिन रडतं हेही ते आता स्वतःहून कबूल करतात. त्यांच्याशी बोलताना नाव, खानदान, असली भाषा येत नाही. टायरची हवा किती, वाट कुठून धरली, एवढंच येतं.

महाराष्ट्रात बंद पडलेल्या दगडखाणींना तोटा नाही. पुण्याभोवती वाघोलीकडे आणि मोशीकडेच बघा. कुठे पाणी साचलंय, कुठे राडारोडा येऊन पडतोय. त्यातली एखादी जिल्हा प्रशासनाने कुंपण घालून, पास लावून, प्रशिक्षित माणूस आणि क्रेन उभी करून उघडली तर फार मोठा खर्च नाही. होलीत केलं ते एवढंच. थारवाल्यांच्या संघटना दर रविवारी झेंडे लावून मिरवणुका काढतात, त्यांनी कलेक्टर कचेरीत एक अर्ज द्यायला काय हरकत आहे? साताऱ्याच्या पठ्ठ्याला मी हे कळवलं. त्याचा उलट प्रश्न आला, ‘तिथे टू-व्हील-ड्राइव्हला सोडणार का?’

सोडतील. सोप्या पाटीच्या बाजूने.