‘शाळकरी पोरालाही कळतं’ म्हणणाऱ्या वाचकास

आधी तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, म्हणजे मी शब्द फिरवले असं नंतर कोणी म्हणायला नको. मानेतल्या धमनीत सापडलेल्या प्लास्टिकवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत:

“लेखकाने सुतावरून स्वर्ग गाठला आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे शाळकरी पोरालाही कळतं. साडेचार पटीचा आकडा फेकताना त्यातली अनिश्चितता दडवली आहे. मेंदूतल्या प्लास्टिकचे आकडे तर चरबीमुळे फुगलेले आहेत. प्लास्टिक खाणारे जीवाणू हे निव्वळ स्वप्नरंजन. पर्यावरण, वैद्यक आणि मटेरियल सायन्स यांची खिचडी करून लोकांना घाबरवायचं, हा आता धंदाच झाला आहे.”

उत्तर द्यावं की नाही, यावर बराच विचार केला. जवळच्या दोघातिघांनी सांगितलं, सोडून दे. पण प्रतिक्रियेखाली अंगठे पडलेले पाहिले आणि वाटलं, गप्प बसलो तर तेच खरं धरलं जाईल.

‘फेकताना’, ‘दडवली’, ‘धंदा’. हे तीन शब्द काढून टाकले असते तरी आपला एकही मुद्दा लंगडा पडला नसता. मग ते घातले कशासाठी? या ब्लॉगवर जाहिरात नाही, वर्गणी नाही. असला धंदा करणाऱ्याला कोणी कर्जही देणार नाही. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. जुने वाचक सांगतील, इथे माझ्या लेखांची चिरफाड झालेली आहे आणि ती मी निमूट वाचलेली आहे. पण समोरच्याचा हेतूच वाईट आहे असं गृहीत धरून जो बोलायला सुरुवात करतो, त्याला उत्तर हवं असतं की टाळ्या, हा प्रश्न पडतोच.

असो. शाळकरी पोराकडे येऊ.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अगदी बरोबर. लेखाच्या चौथ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की या अभ्यासातून प्लास्टिकमुळे झटका येतो असं सिद्ध होत नाही. तिथपर्यंत आपण पोचलात का, की शीर्षक वाचून थेट खाली उडी मारलीत? ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्च २०२४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. मानेतल्या कॅरोटिड धमनीत साठलेला थर शस्त्रक्रियेने काढलेले रुग्ण त्यांनी घेतले. तो थर फेकून न देता त्यात प्लास्टिक आहे का ते तपासलं, आणि मग त्या रुग्णांचं पुढे काय होतं यावर सरासरी ३४ महिने लक्ष ठेवलं. शेवटपर्यंत माग राहिला २५७ जणांचा. त्यांतल्या १५० जणांच्या थरात पॉलिथिन सापडलं, ३१ जणांच्या थरात मोजता येण्याजोगं पीव्हीसीही होतं. ज्यांच्यात प्लास्टिक होतं त्यांच्यापैकी २० टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला किंवा मृत्यू आला. ज्यांच्यात नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण साडेसात टक्के. वय, लिंग, मधुमेह, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही धोका साडेचार पट राहिला.

आता यात दुसरं काही कारण दडलेलं असू शकतं का? असू शकतं. हे लोक काय खात-पीत होते, त्यांची आर्थिक स्थिती कशी होती, याची नोंद त्या अभ्यासात नव्हती, आणि तसं त्या डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे जी शंका तुम्ही माझ्या तोंडावर फेकलीत ती मूळ निबंधात नम्रपणे मांडलेली आहे. फरक फक्त सुराचा.

आणि हे वाक्य जे लोक एखाद्या मंत्रासारखं म्हणतात, त्यांना त्याचा इतिहास क्वचितच ठाऊक असतो. १९५०मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना करून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. तेव्हा कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही असं ठणकावून सांगणारा माणूस कोणी ऐरागैरा नव्हता. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर होते ते. त्यांचं म्हणणं, माणसाच्या आनुवंशिकतेतच असं काही असेल की ज्यामुळे तो सिगारेटही ओढतो आणि त्याला कर्करोगही होतो. तर्क म्हणून बिनतोड. फिशर स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. धूम्रपानाने कर्करोग होतो असं सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा) अहवाल यायला १९६४ उजाडलं. मधली सगळी वर्षं तेच वाक्य ढालीसारखं वापरलं गेलं आणि ढालीमागून पाकिटं विकली गेली.

तुम्ही फिशर आहात असं मी म्हणत नाही. (तेवढा मान देण्याची माझी तयारीही नाही.) पण १९६५मध्ये याच हिल यांनी एका व्याख्यानात सांगितलं होतं की संबंध दिसला की काय-काय तपासायचं: तो किती ठळक आहे, वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा दिसतो का, कारण आधी आणि परिणाम नंतर असा क्रम आहे का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, शरीराच्या व्यवहारात तो बसतो का. असे नऊ निकष त्यांनी दिले. म्हणजे ‘सहसंबंध’ या शब्दापाशी चौकशी सुरू होते. तुम्ही तिथे कुलूप लावून किल्ली खिशात टाकलीत. इटलीच्या अभ्यासात यातल्या काही गोष्टी आहेत. प्लास्टिक आधी सापडलं, झटके नंतर आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थरातल्या मॅक्रोफेज (परकं काही गिळून टाकणाऱ्या) पेशींपाशी खरबरीत कडांचे परके कण दिसले, त्यांतल्या काहींत क्लोरीन होतं. दाहाची खूण मानली जाणारी रसायनं त्या थरांत जास्त होती. काही गोष्टी नाहीत: हाच निकाल दुसरीकडे पुन्हा मिळायला हवा. तेही मी लिहिलं होतं. पाचवा परिच्छेद.

आता माझ्याबद्दल बोलणं भाग आहे. स्वतःची टिमकी वाजवायला आवडत नाही, पण ‘शाळकरी पोर’ काढलंत म्हणून. मी हौस म्हणून चार बातम्या वाचून लिहिणारा नाही. उमेदीची सगळी वर्षं औषध कारखान्यातल्या तपासणी विभागात गॅस क्रोमॅटोग्राफसमोर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रासमोर, काढली आहेत. दिवसाची सुरुवात कोऱ्या नमुन्याने व्हायची. म्हणजे नुसतं द्रावक, त्यात औषधाचा थेंब नाही. आलेख सरळ रेषेत जायला हवा. आणि बरोबर नको तेव्हा, मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे रेणूंच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर १४९चं शिखर उभं राहायचं. हे काम करणाऱ्या कुणालाही १४९ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ते थॅलेटचं शिखर. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घालतात तो पदार्थ, नळीतून, झाकणातून, पिपेटच्या टोकातून, कुठून तरी शिरलेला. मग सगळं सोडवा, काचेची भांडी पुन्हा धुवा, भट्टीत तापवा, सेप्टम (यंत्राच्या तोंडाशी असलेली रबरी चकती) बदला, पुन्हा कोरा नमुना. एकदा तर दोषी निघाला हातमोजा. वरिष्ठ म्हणायचे, जाऊ दे, छोटंच शिखर आहे. मी जाऊ दिलं नाही, आणि त्यापायी एक बढतीही गमावली.

ज्याने हे केलंय त्याला प्रयोगशाळेतली भेसळ काय चीज असते ते कोणी शिकवायची गरज नाही. २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की एकदा वापरून फेकायच्या हातमोज्यांवरचे स्टीअरेट क्षार वर्णपटात पॉलिथिनसारखे दिसतात आणि नसलेले कण मोजले जातात. हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. उलट म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी कुणी तरी लिहिलं. तेव्हा मला अनिश्चितता कळत नाही हा आरोप करायच्या आधी समोर कोण आहे याची जरा चौकशी केली असतीत तर बरं झालं असतं.

अनिश्चिततेवरूनच: एक मान्य करतो. साडेचार पट हा आकडा देताना त्याचा पल्लाही (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते) द्यायला हवा होता. निबंधात तो २.०० ते १०.२७ असा आहे. पल्ला मोठा आहे, रुग्ण थोडे आहेत, त्यामुळे तसं होतं. लेखात आता तो घातला आहे. मात्र ‘दडवली’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की त्या पल्ल्याचं खालचं टोकसुद्धा दुपटीवर आहे. दडवून मला काय मिळणार होतं?

बाकीच्या गोष्टी भराभर.

चरबीचं. ठाऊक आहे. पॉलिथिन म्हणजे कार्बनची लांबलचक साखळी, मेदाम्लांतही तशाच साखळ्या. नमुना सहाशेएक अंशांना तापवून त्याच्या ठिकऱ्या केल्या की दोन्हींतून बरेचसे सारखेच तुकडे निघतात आणि यंत्र गोंधळू शकतं. मेंदूच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त चरबी असते, म्हणून न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या २०२५च्या ‘नेचर मेडिसिन’मधल्या, मेंदूतल्या प्लास्टिकच्या आकड्यांवर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. माझ्या लेखात मेंदूला दोन ओळी होत्या, दोनच. तेवढ्यावरून अख्खा लेख फुगलेला ठरवणं हे जरा अतिच. आता तुम्ही म्हणाल, धमनीतल्या थरातही चरबीच असते आणि तपासायची पद्धतही तीच होती. म्हणा. पीव्हीसीतलं क्लोरीन चरबीतून येत नाही, एवढं सांगून इथे थांबतो. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो केव्हा लिहायचा ते मी ठरवीन.

जीवाणूंचं. २०१६मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ‘इडिओनेला साकाइएन्सिस’ शोधला, तो पेट (पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं) प्लास्टिकवर जगतो. २०२०मध्ये फ्रान्समधल्या गटाने सुधारलेलं विकर (एन्झाइम) ७२ अंशांना १० तासांत ९० टक्के पेट मोडतं. आता यात स्वप्न कुठलं आणि रंजन कुठलं? पेटच्या साखळीत एस्टरचे बंध, म्हणजे विकराला तोडता येतील असे सांधे, असतात म्हणून ते तुटतं. पॉलिथिनला हे लागू नाही आणि ‘पॉलिथिन खाणारा जीवाणू’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. शोधून दाखवा.

राहिली ‘खिचडी’. १९५०च्या दशकात क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढत होता. प्रत्येक नमुन्यात शिसं भलतंच जास्त निघे. ते हवेतून, धुळीतून, त्याच्याच प्रयोगशाळेतून येत होतं. ते रोखायला त्याने अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली, वय काढलं ४५५ कोटी वर्षं, आणि मग हे शिसं येतं कुठून याचा माग काढत पेट्रोलपर्यंत पोचला. दगड मोजणाऱ्याने आमच्या रक्ताबद्दल बोलू नये, असं तेव्हाही लोक म्हणाले, आणि त्यांत उद्योगाच्या पगारावरचे नावाजलेले तज्ज्ञ होते. शिसंवालं पेट्रोल जगातून हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं. प्लास्टिकचंही तसंच आहे. कण समुद्रात शोधला एकाने, तो वाळूत कसा झिजतो हे सांगणार दुसरा, धमनीतून काढणार तिसरा. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द २००४मध्ये रूढ करणारे रिचर्ड थॉम्पसन सागरी जीवशास्त्रज्ञ, धमनीवरचं काम डॉक्टरांचं, आणि २०२४मध्ये बाटलीबंद पाण्याच्या लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार कण मोजले गेले ते लेसर वापरणाऱ्या नव्या तंत्रामुळे. यांना एका लेखात बसवलं तर तुम्हाला खिचडी दिसते. मग ज्याने त्याने आपापल्या खोलीत दार लावून बसावं, असं म्हणणं आहे का?

घाबरवण्याबद्दल बोलायचं, तर ‘दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक पोटात’ हा २०१९चा लाडका आकडा मी मुद्दाम वापरला नव्हता. तो पाच ग्रॅमचा अंदाज. २०२१मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने काढलेला अंदाज आठवड्याला काही मायक्रोग्रॅमचा, म्हणजे सुमारे दहा लाख पटींनी कमी. लोकांना घाबरवायचंच असतं तर पहिला आकडा ठोकून मोकळा झालो असतो. याचं श्रेय मात्र तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

तुमची ही प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली तुम्ही नंतर टाकलेली, नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांची, तेवढी उडवली आहे. पुढचं जे लिहायचं असेल ते निबंधाच्या पान क्रमांकासकट लिहा.